लघवीच्या रिपोर्टात जंतू निघाले, म्हणजे काय झालं?



बचत गटाची बैठक संपते, हप्त्यांची वही मिटते आणि मग खऱ्या गप्पा सुरू होतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. अशाच एका बैठकीनंतर आमच्या दोघी मैत्रिणींनी पदराआडून एकेक घडी घातलेला कागद काढला. दोन्ही कागद लघवी तपासणीचे होते आणि दोन्हींवर एकच ओळ होती : ‘बॅक्टेरिया – प्रेझेंट.’ बॅक्टेरिया म्हणजे आपण ज्यांना जंतू म्हणतो ते, आणि प्रेझेंट म्हणजे हजर.

पहिली मैत्रीण साठी ओलांडलेली. तिला साखरेचा आजार आहे, म्हणून वर्षातून दोन-तीनदा तपासणी होते. लघवीला ना जळजळ, ना ताप, ना कळ. पण दरवेळी कागदावर जंतू दिसतात म्हणून दरवेळी तिनं जंतू मारायच्या गोळ्या घेतल्या. वर्षभरात तीन कोर्स झाले. तोंडाची चव गेली, पोट बिघडलं, पैसे गेले ते वेगळेच.

दुसरी पंचविशीतली, चौथा महिना चालू. तिलाही काहीच त्रास नव्हता. घरात कुणीतरी म्हणालं, “दुखत नाही ना, मग कशाला गोळ्या? पोटातल्या लेकराला बाधतील.” कागद पेटीत गेला. वर कुणीतरी कुजबुजलं, “त्या जागेचे जंतू म्हणजे काहीतरी भानगड असणार.” पोरीनं आठवडाभर मान वर केली नाही.

आम्ही दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. ओळ एकच, त्रास दोघींनाही नाही. तरी एकीनं गोळ्या घेतल्या आणि दुसरीनं घेतल्या नाहीत. पुढं कळलं ते असं की व्हायला हवं होतं नेमकं उलटं. गोळ्यांची गरज होती गरोदर मुलीला, आजीबाईंना नव्हती. असं का? याचं उत्तर कागदावर लिहिलेलं नसतं. ते साडेतीनशे वर्षांच्या इतिहासात सापडतं. आज तोच इतिहास सांगायचा आहे.

जंतू दिसायच्या आधी

लघवीला जळजळ होणं हे दुखणं काही आजचं नाही. आपल्याकडं त्याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. चैत्र-वैशाखात रानात काम, पाणी कमी, आणि मग थेंब थेंब लघवी आणि आग. आजीनं धन्या-जिऱ्याचं पाणी द्यावं, सब्जा भिजवावा, गोखरूचा काढा करावा. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत याला मूत्रकृच्छ्र म्हटलं आहे, म्हणजे कष्टानं होणारी लघवी. लघवीला मुंग्या लागतात, म्हणजे ती गोड झाली आहे, हेही त्या वैद्यांनी ओळखलं होतं. रंग, वास, गढूळपणा बघून रोग ओळखायची रीत युरोपातही शेकडो वर्षं होती.

पण जंतू कुणाला ठाऊक नव्हते, कारण ते डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणून आजीच्या उपायातला एक भाग खरा ठरला आणि एक अपुरा. भरपूर पाणी प्यायल्यानं लघवी मोकळी होते, हे खरं. पण उष्णता आणि जंतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला एक कापड दुकानदार जन्माला यावा लागला.

कापडवाल्याची भिंगं

रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तो १६७४ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६७६ मध्ये, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हनहूक नावाच्या कापडवाल्यानं लंडनच्या विद्वानांना एक लांबलचक पत्र लिहिलं. कापडाची वीण तपासायला व्यापारी भिंग वापरत. यानं स्वतःच्या हातानं त्याहून कितीतरी बारीक भिंगं घासली होती आणि त्यांतून पाण्याच्या थेंबात त्याला वळवळणारे इवले इवले जीव दिसले होते. जंतूंशी माणसाची पहिली नजरभेट ती. पण हे जीव रोग करतात की नुसतेच राहतात, हे कुणाला कळलं नाही. त्यात आणखी जवळपास दोनशे वर्षं गेली.

१८६० च्या दशकात फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी प्रयोग केले. दूध, मटणाचं पाणी, इतकंच काय लघवीसुद्धा, उकळून अशा भांड्यात ठेवली की बाहेरची धूळ आत जाऊ नये. ती नासली नाही. भांडं उघडं ठेवलं की नासली. म्हणजे नासवणारे जंतू बाहेरून येतात आणि लघवीत ते चांगले पोसतात. मैत्रिणींनो, हे वाक्य लक्षात ठेवा. बाटलीत दिलेली लघवी उन्हात राहिली तर तिचं काय होतं, ते पुढं येणार आहे.

१८८१ साली इंग्लंडमधले विल्यम रॉबर्ट्स नावाचे डॉक्टर यांनी ताज्या लघवीत सापडलेल्या जंतूंवर लिहिलं. आपल्या मैत्रिणींच्या कागदावरची ओळ तेव्हापासूनची आहे.

स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत

आता एका बाईची गोष्ट. ती शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही.

जंतू ओळखायचे तर ते वाढवावे लागतात. दही लावताना आपण विरजण घालतो, तसं तपासायच्या नमुन्याचा थेंब एका घट्ट खाद्यावर पसरवायचा आणि उबेत ठेवायचा. जिथं एक जंतू पडला तिथं त्याची वस्ती वाढते आणि डोळ्यांना ठिपका दिसतो. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्याकडं हे काम चालू होतं. तिथं वॉल्टर हेस नावाचे डॉक्टर होते. अडचण अशी की त्यांचं खाद्य जिलेटिनवर घट्ट केलेलं असे. उन्हाळा आला की ते पातळ व्हायचं आणि सगळे जंतू एकमेकांत मिसळून जायचे.

त्यांची बायको फॅनी हेस घर सांभाळून त्यांना मदत करायची, जंतूंच्या वस्त्यांची चित्रं काढायची. नवऱ्यानं वैतागून विचारलं की तुझ्या जेली उन्हाळ्यात कशा टिकतात? ती म्हणाली, मी त्यात अगर घालते. समुद्रातल्या शेवाळापासून केलेला हा पदार्थ तिला जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या लोकांकडून कळला होता. आपल्या किराणा दुकानात तोच ‘चायना ग्रास’ म्हणून मिळतो. ही १८८१ ची गोष्ट. पुढच्याच वर्षी कॉख यांनी क्षयाचे जंतू जगापुढं मांडले, त्यात अगरचा उल्लेख आहे. फॅनीचं नाव नाही.

आज नगरच्या, संगमनेरच्या, श्रीरामपूरच्या कुठल्याही लॅबमध्ये तुमच्या लघवीचं ‘कल्चर’ करतात, म्हणजे जंतू वाढवून बघतात, ते त्या चायना ग्रासवरच. १८८७ मध्ये पेट्री नावाच्या डॉक्टरांनी त्यासाठी झाकणाची पसरट काचेची ताटली काढली, ती अजूनही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. तिच्यातली जेली मात्र एका गृहिणीनं सुचवलेली आहे, हे आपण विसरायचं नाही.

जंतू कुठून येतात?

१८८५ मध्ये थिओडोर एशरिश नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी तान्ह्या बाळांच्या शीमध्ये एक जंतू शोधला. पुढं त्यांच्याच नावावरून त्याला ‘एशरिशिया कोलाय’ म्हणू लागले. रिपोर्टवर आपण ‘ई. कोलाय’ असं वाचतो तो हाच. लघवीच्या जंतूसंसर्गात सगळ्यांत जास्त वेळा सापडतो तोही हाच.

आता नीट ऐका, कारण त्या कुजबुजीचं उत्तर इथं आहे. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतो. बाईच्या, पुरुषाच्या, बाळाच्या, सगळ्यांच्या. तिथं तो गुण्यागोविंदानं नांदतो. पण बाईच्या शरीराची रचना अशी आहे की शौचाची जागा आणि लघवीची जागा जवळजवळ असतात, आणि लघवीची नळी अवघी चार सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन बोटं लांब. पुरुषाची नळी यापेक्षा कितीतरी लांब असते. त्यामुळं आपल्याच आतड्यातला जंतू आपल्याच मूत्राशयात पोचायला बाईच्या शरीरात वाट सोपी. म्हणून हा त्रास बायकांना जास्त होतो. लघवीत ई. कोलाय निघाला याचा चालचलनाशी काडीचा संबंध नाही. संबंधानंतर तो वर सरकू शकतो, हे खरं, पण ते नवराबायकोच्या सरळ संसारातही होतं. कुणी यावरून बोट दाखवलं, तर १८८५ सालचं हे उत्तर त्याला द्या.

जंतू म्हटलं की भीती का वाटते?

आपल्या मुलखात ‘जंतू’ हा शब्द घरोघरी पोचला तो एका भयंकर वर्षी. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढं पुण्यात, गावोगावी पसरला. घरं झडतीला घेतली, माणसं छावण्यांत नेली. १८९७ मध्ये डॉक्टर हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. त्याच वर्षी १० मार्चला पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच रोगानं गेल्या.

अशा दिवसांत माणसांच्या मनात एक समीकरण बसलं : जंतू म्हणजे रोग, आणि रोग म्हणजे मरण. प्लेगच्या जंतूबाबत ते बरोबरच होतं. पण शरीरात आणि शरीरावर असंख्य जंतू आपल्याबरोबर राहतात, आणि त्यांतले बहुतेक काही बिघडवत नाहीत. निरोगी मूत्राशयातसुद्धा थोडे जंतू असू शकतात, असं अलीकडच्या संशोधनानं दाखवलं आहे. तेव्हा ‘आहेत का?’ एवढा एकच प्रश्न पुरत नाही. ‘किती आहेत, कुणाच्या शरीरात आहेत, आणि तिला त्रास आहे का?’ हे विचारावं लागतं.

मोजणीनं बायकांची सुटका केली

‘किती’ हा प्रश्न नीट विचारला तो अमेरिकेतल्या बोस्टनच्या डॉक्टर एडवर्ड कॅस यांनी, १९५६ च्या सुमारास. त्याआधी मोठी पंचाईत होती. बाईनं स्वतः दिलेल्या लघवीत बाहेरच्या त्वचेवरचे जंतू मिसळतात. म्हणून खात्रीसाठी आत नळी घालून लघवी काढत. पण ती नळीच कधी कधी बाहेरचे जंतू आत ढकलायची. तपासणीनंच दुखणं लागायचं.

कॅस यांनी मोजणी केली. मूत्रपिंडाला संसर्ग झालेल्या बायकांच्या लघवीत एका मिलिलिटरला, म्हणजे साधारण वीस थेंबांत, एक लाखाहून जास्त जंतू सापडत. नुसते त्वचेवरून मिसळलेले असले तर आकडा बहुधा त्याहून फार कमी असे. हा फरक कळला आणि नळीची गरज उरली नाही. बाई स्वतः स्वच्छतेनं नमुना देऊ शकते, लॅबवाले मोजतील. आज रिपोर्टवर ‘एक लाख’ असा आकडा दिसतो, तो तिथून आला. पुढं १९८२ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की बाईला खरोखर जळजळ होत असेल तर एक लाखापेक्षा कमी जंतूही महत्त्वाचे असू शकतात. म्हणजे आकडा कधीच एकटा वाचायचा नाही, बाईला विचारून वाचायचा.

कॅस यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती आपल्या पंचविशीतल्या मैत्रिणीसाठी जीवनमरणाची आहे. शंभर गरोदर बायकांपैकी साधारण दोन ते दहा जणींच्या लघवीत पुष्कळ जंतू असतात आणि त्यांना काहीही त्रास होत नसतो. इतर वेळी असं चालून जातं. पण गरोदरपणात लघवीच्या नळ्या सैल पडतात, वाढतं गर्भाशय त्यांच्यावर दाब देतं, लघवी तुंबते आणि जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. उपचार केला नाही तर अशा बायकांपैकी शंभरात वीस ते तीस जणींना थंडीतापाचं मोठं दुखणं होऊ शकतं. बाळ दिवसांआधी होण्याचा, वजनानं कमी भरण्याचा धोकाही त्यातून येतो. गरोदरपणात चालणारी औषधं डॉक्टर निवडून देतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की गरोदर बाईच्या लघवीत असे जंतू सापडले, तर त्रास नसला तरी सात दिवस उपचार करा.

गोळी आली आणि गोळीचं मोल गेलं

जंतू मारणारी औषधं आली कधी? १९२८ मध्ये लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीत पेनिसिलिन सापडलं. १९५४ मध्ये आपल्या पुण्याजवळ पिंपरीला सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना उभा राहिला आणि देशात पेनिसिलिन बनू लागलं. ज्या तापानं बाळंतिणी जायच्या, तो ताप इंजेक्शनानं उतरू लागला. आमच्या आज्यांना तो चमत्कारच वाटला, आणि होताही.

पण चमत्कार रोज वापरला की झिजतो. जंतू मारायचं औषध आपण विनाकारण किंवा अर्धवट घेतलं की कच्चे जंतू मरतात आणि चिवट उरतात. पेरणीसाठी चिवट बियाणं आपणच निवडून ठेवावं, तसं हे होतं. फरक इतकाच की पीक आपल्याला नको असलेलं येतं.

आमच्या साठीतल्या मैत्रिणीचं तेच झालं. वर्षभरानं तिला खरोखर संसर्ग झाला : हुडहुडी भरून ताप, कमरेच्या वर बाजूला कळ. कल्चर केलं. त्या रिपोर्टवर औषधांची यादी असते आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. ‘एस’ म्हणजे हे औषध लागू पडेल. ‘आर’ म्हणजे जंतू या औषधाला जुमानत नाही. तिच्या यादीत ‘आर’ची रांग होती. साध्या गोळ्यांनी भागण्याची वेळ निघून गेली होती. दवाखान्यात राहून शिरेतून औषध घ्यावं लागलं. ती बरी झाली, पण गटाच्या कर्जाचे दोन हप्ते त्यात गेले.

२०१६ पासून सरकार सांगत आहे की ज्या औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. त्या लाल रेघेमागं हीच गोष्ट आहे.

हे ज्ञान आपल्या जिल्ह्यात कुणी आणलं?

बोस्टन, बर्लिन सगळं झालं. पण कागद वाचायचा आहे तो जामखेडच्या, पाथर्डीच्या, अकोल्याच्या बाईनं. ते होऊ शकतं हे दाखवून दिलं ते आपल्याच जिल्ह्यानं.

१९७० मध्ये डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे या जोडप्यानं जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यातलं. तेव्हा तिकडं दुष्काळ आणि गरिबी इतकी की हजार बाळं जन्मली तर त्यांतली एकशे सत्तरहून जास्त वर्षाच्या आत दगावत. डॉक्टरांनी आधी शिकलेल्या नर्सबाई गावांत पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरची बाई गावात एकटी कशी राहणार, आणि गावातल्या बाया तिच्याशी मनातलं कसं बोलणार? मग वाट निघाली ती अशी की गावानं आपलीच एक बाई निवडायची आणि तिला शिकवायचं.

निवडलेल्या कित्येक जणींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित वस्तीतल्या होत्या, ज्यांच्या हातचं पाणीही तेव्हा गाव पीत नव्हतं. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, एकमेकींना सांगत आणि गावात परतून गरोदर बायकांची तपासणी करत, बाळंतपणं करत, जुलाबानं सुकलेल्या पोरांना मीठ-साखरेचं पाणी पाजत. गावोगावी महिला मंडळं उभी राहिली. दोन-अडीच दशकांत त्या गावांत बाळं दगावण्याचं प्रमाण हजारात तिसाच्या खाली आलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण होतं. १९७९ मध्ये आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज प्रत्येक गावात जी आशाताई आहे, ती योजना २००५ मध्ये आली. तिच्याआधी कितीतरी वर्षं आपल्याकडच्या बाया ते काम करत होत्या.

जामखेडनं शिकवलं ते एवढंच की आरोग्याचं ज्ञान डॉक्टरांच्या कपाटात ठेवायची वस्तू नाही. ज्या बाईला सही येत नाही तिलाही ते समजतं, फक्त कुणीतरी तिच्या भाषेत सांगायला हवं.

आणि सांगायला हवं तसं विचारायलाही हवं. विदर्भातल्या गडचिरोलीत डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. तो अभ्यास १९८९ मध्ये छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना बाईपणाचं काही ना काही दुखणं होतं, आणि त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. बाकीच्या मुकाट सोसत होत्या. आमच्या पंचविशीतल्या मैत्रिणीनं मान खाली घातली होती ना, ती याच मुकेपणानं.

तर कागद कसा वाचायचा?

आता दोन्ही मैत्रिणींचे कागद पुन्हा उघडू.

साध्या तपासणीत ‘बॅक्टेरिया प्रेझेंट’ लिहिलं, तर घाबरू नका आणि कागद पेटीतही टाकू नका. शेजारच्या ओळी बघा. ‘पस सेल्स’ म्हणजे पूपेशी. त्या पाचपर्यंत असल्या तर सहसा ठीक. बऱ्याच जास्त असल्या तर आत कुठंतरी सूज असू शकते. ‘एपिथेलियल सेल्स’ म्हणजे त्वचेच्या पेशी. त्या खूप असल्या, तर नमुन्यात बाहेरचं मिसळलं असण्याचा संभव असतो. अंगावरून पांढरं जात असेल तर तेही मिसळतं, आणि ते दुखणं वेगळं, त्याची तपासणीही वेगळी. कल्चरच्या रिपोर्टात ‘मिक्स्ड ग्रोथ’, म्हणजे अनेक जातींचे जंतू, असं आलं तर बहुधा नमुनाच पुन्हा द्यावा लागतो.

त्रास नसेल, गरोदरपण नसेल, तर नुसत्या जंतूंसाठी औषध सहसा लागत नाही. म्हाताऱ्या बायकांत आणि साखरेच्या रोग्यांत असे मुके जंतू पुष्कळदा सापडतात. लघवीच्या मार्गाचं काही ऑपरेशन ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. गोळ्यांची चिठ्ठी मिळाली तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, “साहेब, मला त्रास नाही, तरी ही गोळी कशासाठी?” विचारण्यात उद्धटपणा नाही.

दिवस गेले असतील, तर मात्र त्रास नसला तरी तो कागद त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, आणि “कल्चर करायचं का?” हे विचारा. आमची पंचविशीतली मैत्रीण आशाताईबरोबर गेली. कल्चरमध्ये ई. कोलाय एक लाखाच्या वर निघाला. तिनं गरोदरपणात चालणारं औषध पूर्ण घेतलं, नंतर पुन्हा तपासणी केली. दिवस भरून मुलगी झाली.

आणि जळजळ, सारखी लघवीची भावना, ओटीपोटात दुखणं असेल तर थांबू नका. हुडहुडीचा ताप, कमरेच्या वर कळ, उलट्या किंवा लघवीतून रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, मग ती म्हातारी असो, बाळंतीण असो की लहान मूल.

नमुना द्यायची रीत

पाश्चर यांचं वाक्य आठवतं ना? लघवीत जंतू चांगले पोसतात. चांगली ऊब मिळाली तर एकाचे दोन व्हायला वीस मिनिटं पुरतात. म्हणजे दोन तासांत एकाचे चौसष्ट, तीन तासांत पाचशे बारा. वैशाखात सकाळी घरी बाटली भरून, पिशवीत घालून, एसटीनं तालुक्याला गेलं तर लॅबमध्ये जी गर्दी दिसते ती वाटेत जन्मलेली असते. म्हणून नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून न्यायचाच तर तासाभरात पोचवा, किंवा पोचेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा.

आधी हात धुवा. जागा साध्या स्वच्छ पाण्यानं पुढून मागं धुवा. ओठ बाजूला करून लघवीची पहिली धार सोडून द्या, मधली धार लॅबनं दिलेल्या बंद डबीत घ्या. डबीच्या आत आणि झाकणाच्या आत बोट लावू नका. घरची औषधाची किंवा लोणच्याची बाटली कितीही धुतली तरी वापरू नका. पाळी चालू असेल तर तसं सांगा.

शेवटी एक. ऊसतोडीला गेलेली बाई आडोसा मिळत नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाही आणि लघवी दाबून ठेवते. शाळेतली पोर संडास घाण म्हणून तेच करते. तिला ‘पाणी पी’ एवढं सांगून भागत नाही. फडाजवळ आडोसा हवा, शाळेच्या संडासाला पाणी आणि आतून कडी हवी. हे काम औषधाच्या दुकानातलं नाही, ग्रामसभेतलं आहे, आणि ग्रामसभेत आपण बसतो.

पुढच्या बैठकीला हप्त्यांची वही मिटली की पाच मिनिटं ठेवा. कुणाच्या पेटीत असा कागद घडी घालून पडला असेल, तर तो बाहेर काढायला सांगा. विशेषतः ज्या लेकीसुनांना दिवस गेले आहेत, त्यांना विचारा. कागद उघडा पडला की भीती निम्मी होते, आणि उरलेल्या निम्म्यासाठी आपण सगळ्या बरोबर जाऊ.